सामाईक पडद्याची पाळी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणीत, खाम नदीवरच्या लोखंडी पुलाच्या बाजूला, ओळखीच्या एका घरी मोठा मॉनिटर एकच आहे. नातवाचा कॉम्प्युटर त्याला कायमचा लावलेला असतो आणि सूनबाईंच्या ऑफिसचा लॅपटॉप सकाळी त्याच मॉनिटरला जोडायचा असतो. एक दिवस दोघांनाही तो एकाच वेळी हवा होता, तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं, पडदा सामाईक आहे ना? मग पाळी लावून घ्या."

त्या दोघांचा प्रश्न तिथेच मिटला. माझा तिथून सुरू झाला. एका यंत्राचा प्रसंग, आणि सांगायला आजींना यंत्राच्या जगातला एकही शब्द लागला नाही. पडदा, सामाईक, पाळी. पहिला उघड फारसी, दुसऱ्याचे कूळ वादात पडेल असे, तिसरा संस्कृत. वाक्य बोलले गेले त्या जागेचे नावही यांच्या पंक्तीला बसणारे आहे, पण त्याच्याकडे नंतर वळू.

'पडदा' आधी घेऊ, कारण त्याचा प्रवास सर्वांत लांबचा. मूळ फारसी 'पर्दा', त्याआधीच्या पहलवीत 'पर्दग'. हिंदी-उर्दूत परदा, तेलुगूत परदा, कानडीत परदे; सगळीकडे 'र' जागच्या जागी आहे. मराठीत मात्र पडदा, आणि शेजारच्या गुजरातीत पडदो. या दोघींनी 'र' सोडून 'ड' का धरला असावा? वली आणि सिराज या उर्दू कवींच्या या गावात हा फरक अजून एकाच गल्लीत ऐकू येतो. एका दारात 'परदा' सरकतो, दुसऱ्या दारात 'पडदा'. उच्चाराच्या सोयीने हे झाले म्हणावे, तर 'सर्दी', 'गर्दी', 'वर्दी' आपण 'र'सकट घेतल्या. सडदी, गडदी कोणी म्हणत नाही. म्हणजे कारण ध्वनीत कमी आणि अर्थात जास्त असावे. पडदा पडतो. वरून खाली येणाऱ्या वस्तूच्या नावात 'पड' ऐकू यावे ही बोलणाऱ्याच्या कानाची स्वाभाविक ओढ आहे. परका शब्द घरात घेताना त्याच्यात आपला एखादा धातू शोधायचा, सापडला नाही तर घालायचा, हे सर्वच भाषा करतात.

मला आणखी एक शक्यता खुणावते. संस्कृत 'पट' म्हणजे कापड. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'पड' होतो. राजस्थानात पाबूजीची कथा ज्या लांब रंगीत कापडावर चितारलेली असते आणि जे रात्री दिव्यासमोर उभे करून भोपे कथा गातात, त्याचे नाव 'पड' किंवा 'फड'. ते याच 'पट'चे रूप असावे. म्हणजे पश्चिमेकडच्या भाषांत 'पड' हा कापडवाचक शब्द हाताशी होता. फारसी पर्दा दारात आला तेव्हा त्याला पडणारे क्रियापदही भेटले आणि कापडाचे जुने नावही. दोघांनी मिळून 'र'ला 'ड' केले असेल काय? पुरावा हाती नाही, पण दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात हे मात्र दिसते.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर पडद्याचा मराठीतला सगळा जुना संसार झाकण्याचा आहे. पडदानशीन म्हणजे पडद्याआड बसणारी. 'नशीन' हे फारसी 'निशस्तन', बसणे, याचे रूप. मनात काही न ठेवता बोलायचे तर 'आडपडदा' ठेवायचा नाही. या जोडशब्दात मराठी 'आड' आणि फारसी 'पडदा' एकच गोष्ट दोनदा सांगतात, जसे 'कागदपत्र' किंवा 'बाजारहाट'. दोन खोल्यांमधली पातळ भिंत ती 'पडदी'. कानातले पातळ कातडे तो कानाचा पडदा. हे सगळे आड येणारे, अडवणारे, वेगळे करणारे.

एक पडदा मात्र काहीच झाकत नाही, तो सतारीचा. सतारीच्या दांडीवर बांधलेल्या पितळी आडव्या पट्ट्यांना आपण पडदे म्हणतो. हा अर्थ मराठीने काढलेला नाही. फारसी संगीतातच 'पर्दा' म्हणजे तंतुवाद्यावरचा स्वराचा बांध, आणि तिथून पुढे स्वरांची एक विशिष्ट मांडणी. पूर्वी ते बांध तातीचे असत, दांडीभोवती गुंडाळलेले, आणि त्यामुळे वेढणाऱ्या वस्तूचे नाव त्यांना मिळाले असावे. तार तीच राहते. तिला कोणत्या पडद्याशी दाबले त्यावर स्वर ठरतो. 'तार' हाही फारसीत तंतूसाठी रूढ शब्द, सतार म्हणजे 'सेह-तार', तीन तारांची. तार आणि पडदा ही जोडी संगणकाच्या टेबलावर येण्याआधी कित्येक शतके एका वाद्यावर एकत्र नांदत होती.

संस्कृतात पडद्याला काय म्हणत? अमरकोशात प्रतिसीरा, जवनिका आणि तिरस्करिणी असे तीन शब्द एकमेकांशेजारी येतात. तिरस्करिणीची फोड सोपी: तिरस् म्हणजे आड, आणि कृ धातू. आड करणारी ती तिरस्करिणी. आपला 'तिरस्कार'ही याच घरचा. एखाद्याला नजरेआड करणे, बाजूला सारणे, आणि मग त्याची अवहेलना होणे, असा त्याचा उतार दिसतो. विक्रमोर्वशीयात उर्वशी तिरस्करिणीच्या बळावर अदृश्य होऊन पुरूरव्याचे बोलणे ऐकते. ती दिसत नाही, पण तिथेच असते. आजींच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर लॅपटॉपची पाळी चालू असताना नेमका याच स्थितीत असतो. त्याचे काम थांबलेले नसते, डाउनलोड चालू असते, पंखा फिरत असतो. केवळ दिसणे थांबलेले असते.

जवनिकेचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. काही ग्रंथांत ती 'यवनिका' होऊन येते, आणि मग एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांना वाटू लागले की भारतीय रंगभूमीला पडदा यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी दिला. अडचण अशी की ग्रीक रंगभूमीवर तसा पडदा होताच असे दाखवता येत नाही. मग कोणी म्हणाले, ग्रीकांनी आणलेले किंवा त्यांच्या देशाकडचे कापड असेल. दुसरा पक्ष 'जव', वेग, याकडे गेला: झटकन सरकणारी ती जवनिका. तिसऱ्याने 'यम्', आवरणे, या धातूवरून 'यमनिका' असे मूळ कल्पिले. मला यातली साधी गोष्ट अधिक पटते. प्राकृतात शब्दारंभीचा 'य' बहुधा 'ज' होतो; यात्रेची जत्रा, यंत्राचे जाते होते. त्यामुळे 'जवनिका' दिसली की शुद्ध लिहिण्याच्या हौसेने कोणीतरी ती परत 'यवनिका' केली असावी, आणि त्या एका अक्षराने ग्रीकांना रंगमंचावर आणले असावे. राजशेखराने आपल्या प्राकृत 'कर्पूरमंजरी'तल्या अंकांना 'जवनिकांतर' म्हटले आहे, तिथे 'ज'च आहे. आपल्या लग्नातला 'अंतरपाट' त्या 'जवनिकांतरा'शेजारी ठेवून पाहावा. तिकडे अंतर दाखवणारी जवनिका, इकडे अंतर ठेवणारा पट.

आता उलट बाजू. झाकणारा पडदा दाखवणारा कधी झाला? सिनेमाने हे केले असे पटकन वाटते, आणि 'रुपेरी पडदा' या शब्दाने तो समज पक्का होतो. पण वळण त्याच्या आधीचे दिसते, आणि ते मराठी नाटकात आहे. संगीत नाटकांचा काळ सुरू झाला, 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचे शाकुंतल उभे राहिले, आणि पुढच्या काही दशकांत रंगवलेले पडदे हे नाटक कंपन्यांचे वैभव झाले. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. हे पडदे मागच्या भागाला झाकत होतेच, पण प्रेक्षक पाहत होता त्यांच्यावरचे चित्र. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू, म्हणजे पुढचे पेंटर, असले पडदे रंगवत. त्यांपैकी बाबूराव पुढे चित्रपटांकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. हाताने चितारलेल्या पडद्यावरून दिव्याने चितारलेल्या पडद्यावर जाताना शब्द बदलावा लागला नाही, कारण अर्थ आधीच वळला होता. 'पडद्यावर' आणि 'पडद्याआड' या दोन शब्दयोगी अव्ययांच्या खेळात आपण दोन्ही अर्थ आजही वेगळे ठेवतो. 'वर' म्हटले की दिसते, 'आड' म्हटले की लपते, शब्द एकच.

सिनेमाहून मागे जायचे तर कल्याणच्या पटवर्धनांचा 'शांबरिक खरोलिका' हा जादूच्या दिव्याचा खेळ आहे, 1890 च्या दशकातला. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची. नावही किती थाटाचे! शंबरासुराच्या मायेवरून शांबरिक. अशा दिव्यांच्या खेळात जगभर एक रीत होती: दोन दिवे एकाच पडद्यावर रोखायचे, आणि एकाची ज्योत झाकत झाकत दुसऱ्याची उघडायची, म्हणजे पहिले चित्र विरते आणि त्यातूनच दुसरे उमटते. दोन उगम, एक पडदा, आणि मधे झाकण फिरवणारा हात. आजींच्या घरातल्या मांडणीचा हा थेट पूर्वज म्हणायला हरकत नसावी. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या छायाबाहुल्या घेतल्या, तर तिथे झाकणे आणि दाखवणे हे एकाच कापडाचे एकाच क्षणी चाललेले काम असते: खेळवणारा झाकला जातो म्हणूनच बाहुली दिसते.

इंग्रजी 'स्क्रीन'नेही हीच वाट चालली. आधी तो चुलाण्याची आच अडवणारा आडोसा होता. दिव्यांच्या खेळांनी त्याला दाखवणारा केला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वळण घ्यावे, हे अशा शोधातले मोठे सुख आहे.

'सामाईक' हा शब्द मराठी माणूस शिकतो तो बहुधा सातबाऱ्यावर. सामाईक क्षेत्र, सामाईक बांध, सामाईक विहीर. याचे मूळ 'सम' असावे असे वाटते. संस्कृतातला 'समवाय', म्हणजे एकत्र येणे, आणि त्यावरून 'सामवायिक', हेही जवळचे दिसते. पण तशाच उच्चाराचा एक शब्द जैन परंपरेत आहे, 'सामायिक', प्राकृतात 'सामाइय'. ते एक व्रत आहे: ठरावीक वेळ समभावात, स्थिर बसायचे. ती वेळ एका मुहूर्ताची, म्हणजे दोन घटकांची, आजच्या हिशेबाने 48 मिनिटांची. वेरूळला जैन लेणी कोरली गेली त्या या मुलखात तो शब्द कितीतरी कानांवरून गेला असेल. व्रताचा 'सामायिक' आणि शेताचा 'सामाईक' एकच की केवळ सारख्या चेहऱ्याचे, याचा निर्णय करणे कठीण. 'सम' दोघांच्या पोटात आहे एवढे दिसते. एकात मनाचे सगळ्यांशी सारखेपण, दुसऱ्यात सगळ्यांचे वस्तूवर सारखे नाते.

हाच 'सम' इराणकडे गेला की 'हम' होतो. सप्ताचा हफ्त, सिंधूचा हिंदू, तसा समचा हम. हमदर्द, हमसफर यांतला. या शहराची ओळख असलेल्या 'हिमरू' कापडाच्या नावातही तोच असावा. फारसी 'हम' धरून, किनखापासारखे दिसणारे, त्याच्याशी साम्य असणारे ते हिमरू, अशी फोड सांगतात, आणि पहिला भाग तरी पटण्यासारखा आहे. तसे असेल तर सामाईकातला सम आणि हिमरूतला हिम हे दोन सख्खे भाऊ या शहरात वेगवेगळ्या वाटांनी येऊन राहिले आहेत. 'हमरस्ता' मात्र फसवा आहे. सगळ्यांचा रस्ता हा अर्थ बरोबर जुळतो, म्हणून त्यातही 'हम' दिसू लागतो; पण तो अरबी 'आम'वरून, आम रस्त्याचा हमरस्ता झालेला दिसतो. अर्थ जुळला की मूळ जुळलेच असे धरणारा माणूस अशा ठिकाणी हटकून घसरतो.

सामाईक म्हटले की पाठोपाठ 'पाळी' येते. सामाईक विहिरीवर भावाभावांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, मोटेच्या काळी होत्या, विजेच्या पंपालाही आहेत. वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. या पाळीचा 'पाळणे'शी संबंध आहे असे सहज वाटते, कारण पाळी पाळावी लागते. पण मूळ संस्कृत 'पालि' असावे. पालि म्हणजे कड, काठ, बांध, रांग. कानाची पाळी ही कड, तळ्याची पाळ हा बांध, आणि रांगेतला आपला क्रम ती पाळी. काठावरून रांगेकडे, रांगेतून क्रमाकडे आणि क्रमातून वेळेकडे असा अर्थ सरकला असावा. हिंदीत या जागी 'बारी' आहे, ती 'वार'पासून. आपल्या सोमवार-मंगळवारातला वार तोच. म्हणजे हिंदीने क्रम वेळेवरून मोजला आणि मराठीने रांगेवरून.

या पालीचे एक फार मोठे लेकरू आहे, पालि भाषा. बौद्ध परंपरेत 'पालि' म्हणजे मूळ वचनांची ओळ, तिच्यावरचे भाष्य ती अट्ठकथा. ओळीचे नाव पुढे त्या ओळींच्या भाषेला मिळाले. छावणीत बसून हे लिहिताना ते दूरचे वाटत नाही, कारण नागसेनवन इथून जवळच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले, त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाला त्याने विचारलेल्या प्रश्नांचा ग्रंथ 'मिलिंदपञ्ह' पालीतच आहे. 'यवन' हा शब्द ज्यांच्यासाठी प्रथम आला ते आयोनियातले ग्रीक, जुन्या फारसीतले 'यौन'; मिलिंदही यवनच. यवनिकेच्या वादात ज्या ग्रीकांना आपण रंगमंचावरून परत पाठवले, ते पाळीच्या मागून असे पुन्हा भेटतात, आणि या वेळी त्यांचा हक्क पक्का आहे.

राहता राहिली छावणी. धातू 'छद्', झाकणे. छादनाचे प्राकृतात 'द' गळून छायण-छावण असे होते, आणि हिंदीत 'छाना' म्हणजे छप्पर घालणे हे क्रियापद अजून चालते. छावणी म्हणजे मुळात झाकलेली जागा, डोक्यावर काही घातलेली. पेशवाईच्या काळात 'छावणी करणे' म्हणजे फौजेने पावसाळ्यापुरता एका जागी मुक्काम करणे. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की छावणी उठे. म्हणजे त्या शब्दात लष्करापेक्षा पाऊस अधिक होता. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, 1853 च्या तहानंतरची हैदराबाद कंटिंजंट, इथे कायमची राहिली आणि ऋतूचा शब्द जागेचे नाव झाला. 1857 च्या जूनमध्ये याच छावणीतल्या घोडदळात उठाव झाला. इंग्रजी 'कॅन्टोनमेंट'चे मूळ इटालियन 'कांतोने', कोपरा. त्यांनी शहराचा कोपरा पाहिला आणि आपण डोक्यावरचे छप्पर. मराठवाड्यात दुष्काळ पडला की याच शब्दाला पुन्हा जुना अर्थ मिळतो. चारा छावणीत गुरांना चारा मिळतो आणि वर सावलीला जाळी असते.

'छद्'चे कुटुंब पाहावे: आच्छादन, छद्म (ज्याने खरे रूप झाकले जाते ते), आणि छत्र. शहराच्या आजच्या नावाचा पहिला शब्द छत्रपती. त्यातले छत्र आणि त्यातली छावणी एकाच धातूची निघाली. आधीच्या नावातला 'औरंग' म्हणजे फारसीत सिंहासन. सिंहासन काय आणि छत्र काय, दोन्ही राजचिन्हेच. एक खाली, एक वर. पाणिनीने 'छात्र' हा शब्दही छत्रावरूनच साधला आहे, आणि गुरूचे दोष झाकणारा तो छात्र, असा त्याचा उलगडा टीकाकारांनी केला. 'छाया' मात्र या घरातली दिसत नाही. तिचे नाते ग्रीक 'स्किया'शी, सावलीशी लागते. छत्राखाली सावली असते म्हणून ती छत्राची मुलगी ठरत नाही.

छात्रावरून मॉनिटरकडे जायला वेळ लागत नाही, कारण मराठी माणसाला हा शब्द आधी वर्गात भेटला. गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा तो मॉनिटर. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे ही रीत अँड्र्यू बेल याने मद्रासच्या अनाथालयात राबवली आणि 1797 मध्ये तिच्यावर पुस्तक काढून ती इंग्लंडात नेली. आपल्याकडच्या शाळांत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला ही दिशा सुचली होती. मूळ लॅटिन 'मोनेरे', आठवण देणे, सावध करणे. त्याच्या तळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'मन्': मन, मती, मंत्र. वर्गातला मॉनिटर आणि आपले मन असे चुलत नात्यात येतात. टीव्ही स्टुडिओत प्रक्षेपित होणाऱ्या चित्रावर नजर ठेवायला जो पडदा असे त्याला हे नाव मिळाले, आणि तिथून ते टेबलावर आले. मराठीत नजर ठेवण्याला 'पाळत' म्हणतात. ती पाळण्यातून आली आहे, पाळीतून नाही.

घोरपडीला इंग्रजीत मॉनिटर म्हणतात ते का, हे कोडे मात्र टाळून पुढे जाववत नाही. अरबीत या प्राण्याला 'वरल'; त्याचे युरोपात 'वारान' झाले. जर्मन कानाला त्यात 'वार्नेन', सावध करणे, ऐकू आले, आणि त्या चुकीचे कोणीतरी लॅटिन केले: मॉनिटर. पर्दाच्या 'र'मध्ये आपण 'पड' ऐकले, तसेच त्यांनी वरलमध्ये इशारा ऐकला.

आठवण देणे हा अर्थ आजच्या मॉनिटरला अनपेक्षित रीतीने लागू पडतो. तार जोडली की पहिला निरोप पडद्याकडून कॉम्प्युटरकडे जातो. पडदा आपली ओळख सांगतो: मी अमुक कारखान्याचा, अमुक आकाराचा, इतके ठिपके दाखवू शकतो. ही ओळख निदान 128 बाइटांची असते. सहसा ती वाचल्यावरच लॅपटॉप चित्र पाठवतो. एचडीएमआयच्या 19 पिनांपैकी एक पिन तर केवळ 'समोर कोणी आहे' हे कळवण्यासाठी आहे. सामाईक पडद्यावर खटके उडतात ते बरेचदा इथेच. काही मॉनिटर आणि दोन कॉम्प्युटरांमधल्या काही स्विचपेट्या पाळी बदलली की आधीच्या कॉम्प्युटरला ओळख देणे बंद करतात. लॅपटॉपला वाटते, पडदा गेला, आणि तो आपल्या सगळ्या खिडक्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर गोळा करून बसतो. पाळी परत आली की सारे विस्कटलेले सापडते. चांगल्या पेटीत ओळख धरून ठेवण्याची सोय असते. पाळी नसलेल्या कॉम्प्युटरलाही ती सांगत राहते की पडदा इथेच आहे, तो आत्ता दुसऱ्याकडे वळलेला आहे. विकत घेताना विचारायची मुख्य गोष्ट हीच.

या 'खिडकी'चे मूळ प्राकृत 'खडक्की', लहान दार. आणि मलिक अंबरने 1610 मध्ये वसवले तेव्हा या गावाचे नाव खडकी. मन लगेच दोन्ही जोडू पाहते. पण इथली जमीन पाहता त्या नावात खडक असावा. खिडकी असण्याचे कारण दिसत नाही.

त्या स्विचपेटीला मराठीत काय म्हणावे? कीबोर्ड, पडदा आणि माउस या तिघांना एका दाबासरशी इकडून तिकडे वळवणारी ती वस्तू. तिचे तीन इंग्रजी अक्षरांचे नाव दुकानात चालते, घरात टिकत नाही. आजींच्या घरी तिला 'खटका' म्हणतात. हा ध्वनीवरून झालेला शब्द, बंदुकीपासून विजेच्या दिव्यापर्यंत सगळीकडे चाललेला. 'कळ' त्याहून जुनी आणि भारदस्त. ती संस्कृत 'कला'कडे, युक्तीकडे जात असावी, आणि 'कळफलक' या शब्दात ती रुजलीही आहे. मला इथे खटकाच योग्य वाटतो. कळ दाबली की काहीतरी सुरू होते. खटक्याने एकाकडून दुसऱ्याकडे जाणे होते, आणि तो आवाज म्हणजेच पाळी बदलल्याची सूचना.

पडदा, सामाईक, पाळी, खटका हे शब्द मी कोणाला घडवून देत नाही. ते वापरात आहेत आणि कामाला पुरतात. रघुनाथपंडितांनी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. या सगळ्यातून पडदा टिकला. त्याचा 'ड' हा आपण केलेला आहे, हे त्याचे एक कारण असावे.

एक कोडे मात्र सुटलेले नाही, वाचकांपैकी कोणाला उलगडले तर हवे आहे. परक्या शब्दाला मराठी लिंग देते ते बहुधा त्या वस्तूच्या जुन्या नावावरून. वायर स्त्रीलिंगी, कारण तार स्त्रीलिंगी. पिन स्त्रीलिंगी, टाचणीवरून. माउस पुल्लिंगी, उंदरावरून. मग 'स्क्रीन फुटली' असे आपण का म्हणतो? पडदा तर पुल्लिंगी. शेवटचा 'ईन' ऐकून तिला जमिनीच्या रांगेत बसवले असेल, तर 'मशीन'ही तिथेच बसायला हवी होती. पण मशीन 'ती'ही आहे आणि 'ते'ही. की काचेवरून लिंग आले, फुटते ती काच म्हणून? तसे असेल तर पुरावा क्रियापदात शोधावा लागेल: फुटण्याशिवाय दुसऱ्या क्रियापदांबरोबर, उजळण्या-मावळण्याबरोबर, छावणीत आणि छावणीबाहेर लोक 'स्क्रीन' कोणत्या लिंगात चालवतात, ते ऐकून टिपून ठेवायला हवे.